ठासणीच्या बंदुकीच्या गोळीचा वेग

काळी दारू आणि शिशाची गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरतात, ती ठासणीची बंदूक. नळीतून बाहेर पडतानाच्या गोळीच्या वेगाला मुखवेग म्हणतात. गुळगुळीत नळीच्या मस्केटचा (जुन्या सैनिकांच्या लांब ठासणीच्या बंदुकीचा) मुखवेग सेकंदाला साधारण 400 ते 500 मीटर असतो. आजच्या 5.56 मिमी रायफलीचा तो 900 ते 990, एके-47 चा सुमारे 715 आणि 9 मिमी पिस्तुलाचा 350 ते 380 मीटर असतो. म्हणजे सुटताना मस्केटची गोळी पिस्तुलाच्या गोळीपेक्षा वेगवान असते. जुन्या बंदुका मंद होत्या हा समज मुखवेगापुरता तरी चुकीचा आहे. त्यांची गोळी मंदावते ती हवेत.

हे आकडे अंदाजाचे नाहीत. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी 1742 मध्ये लंबकाने गोळीचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. लाकडी फळी बसवलेल्या जड लंबकात गोळी झाडली की ती फळीत रुतते आणि लंबक मागे झुलतो. लंबकाला बांधलेली फीत जितकी ओढली जाते, त्यावरून झोका कळतो; झोका आणि दोन्ही वजने यांवरून वेग निघतो. त्यांना मिळालेला वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर होता. ऑस्ट्रियातील ग्राट्सच्या शस्त्रागारातल्या सोळाव्या ते अठराव्या शतकातील बंदुका 1988-89 मध्ये झाडून पाहिल्या, तेव्हा सरासरी 450 च्या आसपास आली.

रॉबिन्स यांचा याहून मोठा शोध हवेच्या रोधाचा. तोवर हा रोध नगण्य धरत. पाऊण इंची गोळी पूर्ण वेगात असताना तिच्यावरचा रोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो, हे त्यांनी दाखवले. गोल गोळी हवा कापत नाही, ढकलते. ब्रिटिश ‘ब्राउन बेस’ मस्केटची सुमारे 32 ग्रॅमची गोळी 450 ने सुटली, तर 100 मीटरवर तिचा वेग 300 च्या आसपास उतरतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्याही खाली. 5.56 ची 4 ग्रॅमची टोकदार, निमुळती गोळी तेवढ्याच अंतरात जेमतेम दशांश वेग गमावते.

ऊर्जेचा हिशेब मात्र नवख्याला चकवतो. नळीच्या तोंडाशी मस्केटच्या गोळीत सुमारे 3,200 ज्यूल असतात, 5.56 च्या गोळीत 1,800 च्या आत, पिस्तुलाच्या गोळीत 500 च्या आसपास. शंभर मीटरवर मस्केट आणि 5.56 जवळपास बरोबरीला येतात आणि त्यापुढे मस्केट मागे पडते.

मुखवेग 500 च्या फार पुढे का गेला नाही, याचे मुख्य कारण दारूत आहे. सोरा 75, कोळसा 15 आणि गंधक 10 टक्के या मिश्रणाच्या निम्म्याहून कमी वजनाचा वायू होतो. उरलेले घन क्षार धूर होऊन बाहेर पडतात किंवा नळीत काजळीसारखे चिकटतात. दारू दुप्पट भरली म्हणून वेग दुप्पट होत नाही. जादा दारूचे वजनही गोळीबरोबर ढकलावे लागते आणि काही दाणे न जळताच बाहेर उडतात. वाढतो तो खांद्यावरचा धक्का.

दुसरे कारण फट. ब्राउन बेसच्या नळीचा व्यास सुमारे 19 मिमी, गोळीचा 17.5. ही दीड मिमीची मोकळीक मुद्दाम ठेवलेली असे, कारण काही बार झाल्यावर काजळीने नळी अरुंद होते आणि घट्ट गोळी अर्ध्यातच अडकते. पण त्या फटीतून वायू निसटतो, गोळी नळीत इकडेतिकडे आपटत जाते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला लागेल तिकडे झुकते. कागदी काडतुसातली थोडी दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे नळीच्या मागच्या छिद्रापाशी, रंजक (पेटवणीची दारू) म्हणून ओतत. घाईत ती जास्त पडली तर नळीत कमी उरते आणि वेग घटतो. दमट दारूनेही तेच होते. सर्वांत धोक्याची चूक म्हणजे गोळी दारूवर पक्की न बसवणे: मध्ये पोकळी राहिली की दाब एका जागी साठून नळी फुगते किंवा फुटते.

वेगाची खरी झेप दारू बदलल्यावर आली. पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये फ्रान्समध्ये निर्धूम दारू तयार केली. ती जवळजवळ पूर्ण वायू होते. 1886 च्या 8 मिमी लेबेल रायफलीने 600 मीटर ओलांडले. एवढ्या वेगाला नुसते शिसे नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत सोलवटते, म्हणून गोळीवर तांब्याचे किंवा मिश्रधातूचे कवच आले. आजच्या 5.56 च्या नळीत दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 4,000 पटीपर्यंत चढतो. ठासणीच्या नळ्या त्यासाठी घडवलेल्या नसतात. त्यांत निर्धूम दारू कधीही भरू नये, अगदी कमी मापानेही नाही.

आज वेग इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजतात. काळ्या दारूच्या बंदुकीपुढे ते यंत्र अगदी तोंडाशी ठेवले तर धूर, बुच (दारूवर ठासलेला कागद-कापडाचा बोळा) आणि न जळलेले दाणे गोळीआधी किंवा गोळीबरोबर संवेदकांवरून जातात आणि भलतेच आकडे येतात. चार-पाच मीटर पुढे ठेवून, एकाच मापाच्या दारूने अनेक बार काढून सरासरी घ्यावी आणि दर काही बारांनंतर नळी पुसावी. काजळी साचत गेली की वेग बाराबाराला बदलतो.