तोंडाआधी घर

शिंपल्याच्या आयुष्यातले पहिले दोन दिवस सगळ्यांत धावपळीचे असतात.

प्रयोगशाळेत त्यांची सुरुवात पाण्याच्या तापमानाने होते. पक्व नर-माद्यांना आळीपाळीने कोमट आणि गार पाण्यात ठेवतात. एकाने शुक्राणू सोडले, की त्यांच्या चाहुलीने बाकीचेही अंडी किंवा शुक्राणू सोडू लागतात. पण शुक्राणू मोजूनच मिसळावे लागतात. ते जास्त झाले, तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि गर्भ बिघडतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्वाहॉग शिंपल्याचं अंडं जेमतेम ७० मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरमध्ये चौदा मावतील एवढं. साधारण एका दिवसात त्यातून केसलांनी, म्हणजे केसांसारख्या बारीक तंतूंनी, गरगरत पोहणारी अळी तयार होते. तिला अजून खाता येत नाही. तरीही ती कवच बांधायला घेते, अंड्यात मिळालेल्या शिदोरीवर! दुसऱ्या दिवसापर्यंत इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दुहेरी, पारदर्शक कवच पूर्ण होतं. मला या साऱ्या प्रवासात हाच टप्पा सर्वांत थक्क करणारा वाटतो. आणि नाजूकही, कारण पाणी आम्लतेकडे झुकलं तर कवचासाठी जास्त ऊर्जा लागते आणि शिदोरी तर तेवढीच असते.

यानंतर केसलांची झालर असलेला पडदा बाहेर येतो. तोच वल्हं, तोच घास गोळा करणारा हात. आता प्रश्न खाण्याचा. कनेक्टिकटमधल्या मिलफर्ड प्रयोगशाळेत व्हिक्टर लूसानॉफ आणि हॅरी डेव्हिस यांनी वर्षानुवर्षं निरनिराळी सूक्ष्म शैवालं देऊन पाहिली आणि १९६३ मध्ये संगोपनाची सविस्तर पद्धत प्रसिद्ध केली. आजही आयसोक्रायसिससारखी शैवालं वेगळी वाढवून अळ्यांना देतात, टाकीतलं पाणी नेमाने बदलतात आणि नायलॉनच्या बारीक चाळणीने वाढलेल्या अळ्या वेगळ्या करतात.

सुमारे एक-दोन आठवड्यांत अळीला पाय फुटतो. ती तळाशी उतरते, पायाने चाचपते, जागा पटली नाही तर पुन्हा वर पोहत जाते. पटली, की चिवट धागा सोडून स्वतःला अडकवून घेते. मग पोहण्याचा पडदा नाहीसा होतो. खाण्याचं काम कल्ल्यांकडे जातं, पण ते नीट तयार होईपर्यंत पिल्लाला साठवलेल्या ऊर्जेवरच तग धरावा लागतो. या दिवसांत बरीच पिल्लं दगावतात. जी उरतात, ती आता पोहू शकत नाहीत; पायाने सरपटत वाळूचे कण शोधू लागतात.