देस्पोतेस

देस्पोतेस हा घराचा धनी, विशेषतः गुलामांचा मालक, या अर्थाचा प्राचीन ग्रीक शब्द आहे. ‘घर’ आणि ‘स्वामी’ या अर्थांच्या मूळ इंडो-युरोपीय शब्दांचा हा समास असून वैदिक ‘दम्पति’ हा त्याचा सगोत्र होय. ऋग्वेदात अग्नीला गृहस्वामी या नात्याने ‘दम्पति’ म्हटले आहे. पतिपत्नी हा आज रूढ असलेला अर्थ त्याच्या द्विवचनातून आला.

ग्रीकांच्या लेखी या शब्दाचे स्थान घरात होते, नगरात नव्हते. देस्पोतेस म्हणजे स्वामी हे संबोधन देवांनाच द्यावे, असे नाटककार युरिपिडीझच्या ‘हिप्पोलितस’ नाटकातील सेवक म्हणतो. इतिहासकार हिरॉडोटसने वर्णिलेल्या प्रसंगात स्पार्टाचा पदच्युत राजा डेमारेटस इराणच्या झर्क्सीझला बजावतो, की स्पार्टन लोक स्वतंत्र असले तरी त्यांच्यावरही एक देस्पोतेस आहे आणि तो म्हणजे कायदा. गुलामांवरील सत्ता आणि स्वतंत्र नागरिकांवरील सत्ता यांची गल्लत करणारे मत ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आरंभीच खोडून काढले, मात्र आशियातील लोक अशी धनीशाही स्वभावतःच निमूटपणे सोसतात, हा पूर्वग्रहही त्याच ग्रंथात त्याने नोंदवला.

बायझंटिन (पूर्व रोमन) साम्राज्यात हा शब्द मानाचा झाला. जस्टिनियन सम्राटाच्या दरबारात तो सक्तीने वापरावा लागे, अशी इतिहासकार प्रोकोपिअसची कडवट तक्रार आहे. 1163 च्या सुमारास सम्राट पहिल्या मॅन्युएल कोम्नेनॉसने आपला नियोजित जावई व वारस, हंगेरीचा राजपुत्र बेला, याला हाच किताब देऊन त्याला सम्राटाखालोखालचा दर्जा दिला. पुढे दक्षिण ग्रीसमधील मोरिआत अशा किताबधारकांची सत्ता 1460 पर्यंत टिकली. ऑर्थोडॉक्स बिशपला आजही याच शब्दाने संबोधतात.

पश्चिम युरोपात मात्र ॲरिस्टॉटलच्या लॅटिन भाषांतरांतून त्याची कठोर छटाच पोहोचली. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने 1748 मध्ये भयावर चालणाऱ्या राज्यप्रकाराला ‘देस्पोतिझ्म’ म्हटले आणि त्याची उदाहरणे मुख्यतः आशियातून घेतली. प्रवाशांच्या वृत्तांतांवर विसंबलेल्या या मांडणीचा खरा प्रतिवाद आंकतील-द्यूपेराँ या हिंदुस्थानात राहून गेलेल्या फ्रेंच अभ्यासकाने केला. तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथे राजालाही बंधनकारक असे कायदे आणि प्रजेची खाजगी मालमत्ता होती, असे त्याने 1778 मध्ये साधार दाखवले. तरीही ‘पौर्वात्य हुकूमशाही’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकात वसाहतवादी राज्यकर्त्यांच्या समर्थनासाठी वापरली जातच राहिली.