‘अंग येणं’: धरणाऱ्या स्नायूची उशिरा कळलेली गोष्ट

माझी आजी खानापूरकडची. शिंक येणार असं वाटलं की ती आधी भिंत धरायची, पाय एकमेकांवर आवळायची आणि मगच शिंकायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. लुगड्याच्या आत ती दुहेरी फडकं का बांधते, हे मला माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर कळलं.

आमच्या भागातल्या मराठीत गर्भाशय खाली उतरण्याच्या आणि लघवी सुटण्याच्या या दुखण्याला शब्द भरपूर आहेत. ‘अंग आलंय’, ‘मायांग बाहेर पडलंय’, ‘पिशवी खाली सरकलीय’, ‘खोकलं की सुटतंय’. सगळे शब्द पडल्याचे नाहीतर सुटल्याचे. हे सगळं जो धरून ठेवतो, त्या स्नायूला घरगुती नावच नाही. पुस्तकातला शब्द ‘श्रोणितल’, पण तो घेऊन दवाखान्यात कोण जाणार? त्यात सीमाभागाची वेगळीच गंमत. भिंतीवरच्या तक्त्यात कानडीत ‘गर्भकोश’ लिहिलेलं असतं आणि बाई सांगते, ‘अंग येतंय’. नव्या कन्नड सिस्टरला वाटतं हिचं अंग दुखतंय, आणि हातात दुखण्याच्या गोळ्या पडतात.

पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ताणून बांधलेली झोळी डोळ्यांसमोर आणा; तोच हा स्नायू. तिच्यातून तीन वाटा बाहेर पडतात: लघवीची, योनीची, शौचाची. वर मूत्राशय, गर्भाशय, आतडी. ही झोळी बसल्या-उभ्याने थोडी आवळलेलीच असते, आणि खोकला यायच्या क्षणभर आधी आपोआप जास्त आवळते. बाळंतपणात तिच्या आतल्या कडेचा भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं २००४ साली संगणकावरच्या प्रतिकृतीतून दिसलं. कधी स्नायू हाडापासून सुटतोही. बाहेर एक टाका पडलेला नसतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पुढे पाळी जाते, बद्धकोष्ठ असतो, डोक्यावर घागर आणि भाऱ्याचं ओझं असतं, छातीत जुना खोकला असतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत धुरळ्यात बसून दिवसभर खोकणाऱ्या बाईच्या झोळीला किती हिसके बसत असतील, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. उलटा प्रकारही असतो: स्नायू सतत आखडलेला, संबंधाच्या वेळी दुखतं, शौचाला कुंथावं लागतं. अशा बाईला ‘आवळा आवळा’ सांगितलं तर त्रास वाढतो.

वैद्यकाची नजरही शतकानुशतकं पडलेल्या भागावरच खिळलेली होती. आयुर्वेदाने वीस योनिव्यापद्, म्हणजे योनीचे विकार, मोजल्या. सुश्रुताच्या यादीतली ‘प्रस्रंसिनी’ म्हणजे जागेवरून घसरणारी. उपाय असा: तूप लावावं, दुधाने शेकावं, आत बसवावं, बांधावं. ग्रीक वैद्यांनी डाळिंब आत बसवून आधार दिल्याचे उल्लेख आहेत. आज आधारासाठी आत बसवतात ती सिलिकॉनची रिंग त्याच घराण्यातली. एकोणिसाव्या शतकात भूल आणि निर्जंतुकीकरण आलं तसे शस्त्रक्रियेचे दिवस आले. मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ च्या सुमारास सुरू केलेली शस्त्रक्रिया त्या गावाच्याच नावाने ओळखली जाते.

बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं आणि वैद्यकाचे वारेही तिकडूनच यायचे. मुंबईच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न युरोपहून निराळा होता. इथे अंग येणाऱ्या बायका पंचविशीच्या, मूल हवं असलेल्या. पिशवी काढून भागणार नव्हतं, ती वर टांगायला हवी होती. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यातले, शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या टाक्यासाठी. पण अंग आलेल्या तरुण बायकांसाठी पिशवी टांगायची त्यांची पद्धत आणि पुरंदरे यांच्या नावाची पद्धत, दोन्ही आपल्या बायकांच्या अडचणीतून घडल्या. मला हे त्या टाक्याइतकंच मोठं वाटतं.

स्नायूकडे नीट लक्ष वेधलं ते अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल यांनी, १९४८ साली. हवा भरलेली रबरी नळी योनीत ठेवून, बाई आवळते तेव्हा काटा किती वर जातो हे ते बाईलाच दाखवायचे. मूलबंध आपल्याकडे हठप्रदीपिका या योगाच्या ग्रंथात आहेच, टाचेने दाबून गुद आकसून अपान वर ओढायचा. पण ती साधना जोग्याची. बाळंतिणीची लघवी सुटते म्हणून तो कोणी शिकवल्याचं त्या ग्रंथात नाही. केगल यांचं नाव राहिलं, काट्याचं यंत्र मात्र मागे पडलं, आणि व्यायाम तोंडी सांगण्यावर आला. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात नुसतं तोंडी सांगितल्यावर जेमतेम निम्म्या बायकांना नीट आवळता आलं. चौथा हिस्सा बायका उलट खाली जोर करत होत्या.

आमच्याकडे हा स्नायू नजरेआड राहिला त्याला कारण होतं. आधी बाई जगायला हवी होती. बाळंतपणं घरात, सुईण पिशवीचं तोंड उघडायच्या आधीच ‘जोर कर गं’ म्हणणार, आणि सव्वा महिना सरायच्या आत बाई रोप लावणीला वाकणार. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत नर्सबाईंच्या हातून दिलेल्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांनी बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि बेळगावचं नाव जगभर गेलं. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली, कर्नाटकात १०८ ची गाडी २००८ मध्ये. बाळंतपणं दवाखान्यात गेली. वाचलेल्या बाईची झोळी कोणी बघायची, हे मात्र कुठल्याच वहीत नव्हतं. अंग आलं की चाळिशीच्या आत ‘पिशवी काढून टाका’, हा सोपा रस्ता झाला. पिशवी काढली तरी झोळी ढिलीच राहते, म्हणून काहींना पुन्हा खाली ओझं जाणवायला लागतं.

व्यायामाचं माप साधं आहे: एका वेळी आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. अवघड आहे ते काय आवळायचं हे सांगणं. ‘लघवी अडवल्यासारखं’ म्हटलं की बायका श्वास कोंडतात, गाल फुगवतात, मांड्या घट्ट करतात. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका जाणत्या सिस्टरना हे शिकवताना पाहिलं. चार जणी बाकावर बसल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, “सासरा सोप्यात बसलाय आणि तुला वारा सरायला आलाय. तवा कसं धरतीस? तेच धर.”

चौघी हसल्या. हसताना एकीने पटकन पाय आवळले.