ब्रॉयलरच्या शेवटच्या वजनाचा अंदाज

ब्रॉयलर पक्षी गाडीत चढेल तेव्हा सरासरी किती भरेल हे आठ-पंधरा दिवस आधीच काढून ठेवणं, याला फार्मवर नुसतं ‘वजनाचा अंदाज’ म्हणतात. इंटिग्रेशनमध्ये पिल्लू, फीड, औषध कंपनीचं आणि शेड, मेहनत शेतकऱ्याची, पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे लिफ्टिंग (पक्षी विक्रीला उचलणं) कधी आणि फिनिशर (शेवटच्या दिवसांतलं फीड) किती मागवायचं हे सगळं या आकड्यावर ठरतं.

खरा अंदाज सातव्या दिवशीच लागतो. एक दिवसाचं पिल्लू 40 ग्रॅमच्या आसपास असतं, आठवड्यात ते चौपटीच्या वर गेलं पाहिजे, आणि नाही गेलं तर नंतर कितीही फीड ओता, ती तूट सहसा भरून निघत नाही. सातव्या दिवशी 1 ग्रॅम कमी म्हणजे पस्तिसाव्या दिवशी 5-7 ग्रॅम कमी, असा ढोबळ हिशोब धरतात.

पुढे दर आठवड्याला शंभरातले एक-दोन पक्षी तोलायचे. इथेच गडबड होते, कारण पटकन हाती लागतात ते जड, सुस्त पक्षी, आणि मग सरासरी छान दिसते! म्हणून शेडच्या तीन-चार ठिकाणी जाळी लावून आत जेवढे अडकतील तेवढे सगळे तोलायचे, नर-मादी दोन्ही, कारण नर बराच जड असतो.

दुसरी पद्धत फीडवरून. समजा आजवर 16,000 किलो फीड गेलं आणि एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागलेलं फीड, 1.6 धरला तर शेडमध्ये 10,000 किलो माल उभा आहे, जिवंत पक्षी 4,800 असतील तर सरासरी 2 किलो 80 ग्रॅमच्या जवळपास. फक्त फीड लिटरमध्ये, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशात, सांडत असेल तर हा आकडा कागदावरच फुगतो.

पुस्तकात यासाठी गॉम्पर्ट्झ वक्र असतो, बेंजामिन गॉम्पर्ट्झने 1825 मध्ये माणसांच्या मृत्यूदरासाठी मांडलेला, नंतर वाढीलाही लावला गेला. वाढीचा वेग आधी चढतो आणि मोठेपणीच्या वजनाच्या साधारण 37 टक्क्यांपासून उतरायला लागतो, म्हणजे रोजची वाढ सरळ रेषेत पुढे ओढत नेली तर फसगत.

पण नागपूरचा मे महिना कुठल्याच वक्रात बसत नाही. पारा 45 च्या पुढे गेला की कोंबडीला घाम येत नसल्याने ती चोच उघडून धापा टाकते, पाणी भरपूर पिते, फीड सोडते, आणि जितकी मोठी तितका त्रास जास्त. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारे फवारे), ओले बारदाने, पहाटे-रात्री फीड असं सगळं केलं तरी इथले जाणते शेतकरी अंदाज खालीच धरतात, आणि माझ्या मते तेच बरोबर, हिवाळ्याच्या बॅचचा आकडा उन्हाळ्याला लावणं म्हणजे निव्वळ हौस.

श्रावणात उलटं होतं. मागणी बसते, गाडी लांबते, पक्षी ठरल्यापेक्षा जड होतात आणि एफसीआर बिघडतो, ते पोळा झाल्यावर बाजार चढेपर्यंत. शिवाय शेडवरचं वजन आणि दुकानातलं वजन एक नसतं, उपाशी पोटी आणि प्रवासात पक्षी थोडा उतरतोच.