आईला ठेवलेल्या केंद्रात काळजी नीट होते का, हे आम्ही कसं पाहतो

आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुतेक वेळा असाच सुरू होतो: "तसं सगळं ठीक आहे हो, पण आई व्हिडिओ कॉलवर नुसतं 'बरं आहे' एवढंच म्हणते." बोलणारा मुलगा किंवा मुलगी बंगळुरूला, लेस्टरला नाहीतर न्यू जर्सीला. इकडे केंद्रात फोन काळजी घेणाऱ्या मावशींनी हातात धरलेला असतो. मावशी समोर उभ्या असताना आजी दुसरं काय म्हणणार?

पुण्यातल्या आणि आसपासच्या वृद्धाश्रमांना, केअर सेंटरना आम्ही घरच्यांच्या वतीने भेट देतो आणि जे दिसलं ते लिहून देतो. आमच्यात निवृत्त परिचारिका आहेत आणि एक फिजिओथेरपिस्ट. पैसे फक्त घरच्यांकडून घेतो. केंद्रांकडून कमिशन घेत नाही, म्हणूनच "एखादं चांगलं केंद्र सुचवा ना" याला आमच्याकडे तयार यादी नसते.

सरकार हे तपासत नाही का?

इंग्लंडमध्ये राहणारे हमखास विचारतात, "रेटिंग किती आहे?" तिथे केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी संस्था प्रत्येक केअर होमची पाहणी करते, चारपैकी एक श्रेणी देते आणि ती होमला दर्शनी जागी लावावी लागते. आपल्याकडे खासगी वृद्धाश्रमांना अशी श्रेणी देणारी यंत्रणा नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा आहे, पण त्यातलं वृद्धाश्रमांचं कलम निराधार ज्येष्ठांसाठी सरकारने आश्रम काढावेत याबद्दल आहे. सगळ्याच वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा लागू करणारं दुरुस्ती विधेयक २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही.

मग भिंतीवरचे फ्रेम केलेले कागद काय सांगतात? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी सांगते की ट्रस्ट अस्तित्वात आहे. स्वयंपाकघरातला चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक सांगतो की अन्नाचा परवाना किंवा नोंदणी आहे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यायचा असतो. आम्ही त्यावरची तारीख बघतो. कागद असलेच पाहिजेत, पण आजींना रात्री कोणी कुशीवर वळवलं का, हे त्यातला एकही सांगत नाही. आणि एक गोंधळ टाळा: परदेशात 'नर्सिंग होम' म्हणजे वृद्धांचं निवासी केंद्र, महाराष्ट्रात मात्र त्याचा अर्थ छोटं हॉस्पिटल. पाटीवर ते शब्द असतील तर नोंदणी नक्की कशाची, हे विचारून घेतो.

कधी जातो

पहिली भेट कळवून. पुढच्या न कळवता, पण तुमच्या लेखी पत्रासह आणि आधी खुद्द आजी-आजोबांना विचारून. सकाळी अकराला गेलं तर कुठलंही केंद्र छानच दिसतं: फरशी पुसलेली, उदबत्तीचा वास, सगळ्यांचे केस विंचरलेले. आम्हाला संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ आवडते, रविवार त्याहून जास्त, आणि शक्य असेल तिथे रात्र. रात्रपाळीला किती जण आहेत, हे हजेरीपटावरून नाही, डोळ्यांनी मोजतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नीट वळवायला दोघं लागतात. रात्री मजल्यावर एकच मावशी असेल, तर त्या कितीही मायाळू असोत, वळवणं होत नसतं.

पाठ, वजन आणि पाणी

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. स्वतः हलता न येणाऱ्यांना साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. बहुतेक केंद्रांत त्याचा तक्ता असतो. चोवीस तासांच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात दिसल्या की आम्ही तक्ता मिटतो आणि पाठ बघतो. माकडहाड, टाचा, खुबे. लाल जागेवर बोट दाबून सोडलं आणि ती क्षणभरही पांढरी पडली नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली अनेकदा दिसतच नाही. तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा जागा गरम, कडक किंवा मऊ लागते का, ते हाताने पाहावं लागतं. हवेची गादी असली तर पंप चालू आहे का तेही बघतो. मोबाइल चार्ज करायला पंपाचा प्लग काढलेला आम्हाला एकदा नाही, अनेकदा सापडलाय.

वजन प्रत्येक भेटीत, त्याच काट्यावर. महिन्यात पाच टक्के घट म्हणजे धोक्याची खूण: पन्नास किलोच्या आजींचे अडीच किलो. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर मोजतो. जेवणाचं ताट वाढताना नाही, उचलताना बघतो. एका ठिकाणी आजोबा महिनाभर फक्त वरण-भात खात होते. भूक होती, पण कवळी कपाटाच्या खणात होती आणि कोणी दिली नव्हती.

पाणी कमी पिण्याचं मूळ वेगळंच असतं. शौचालयात नेण्यासाठी सारखं कोणाला बोलवायचं, या संकोचाने आजी पाणीच कमी पितात. म्हणून घंटीचं बटण त्यांच्या हाताला पुरतं का हे पाहून आम्ही ते दाबतो आणि घड्याळ बघत बसतो.

औषधं, हात आणि बाथरूम

डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि खरोखर दिल्या जाणाऱ्या गोळ्या शेजारी ठेवून पडताळतो, पट्ट्या मोजतो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत आहे ना, बर्फाच्या खणात तर गेलेलं नाही ना, आणि जेवणाआधीचं इन्सुलिन दिल्यावर ताट किती वेळाने येतं, हेही. "आजी आता अगदी शांत असतात" हे वाक्य ऐकलं की झोपेची गोळी कोणी आणि कधी लिहून दिली ते विचारतो. नाकातली नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले दिसले, तर ते अहवालात पहिल्या पानावर येतं, कारण काहीही सांगितलेलं असो.

गीझरच्या साठ अंशाच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोल भाजतं. इंग्लंडच्या केअर होममध्ये अंघोळीच्या पाण्याला ४४ अंशांची मर्यादा असते. आम्ही तोच आकडा धरून थर्मामीटर बुडवतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही सवय मावशींना आहे का ते बघतो.

स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून फाटकाला कुलूप असतं, ते समजण्यासारखं आहे. पण आग लागली तर बाहेर पडता यायला हवं, म्हणून रात्री किल्ली कोणाकडे असते, आणि दुसऱ्या जिन्यात जुने पलंग रचलेत का, हे विचारतोच.

केंद्राला दोष दाखवल्यावर

व्यवस्थापक बहुतेक वेळा भले असतात आणि माणसं मिळत नाहीत म्हणून हैराण. दोष सापडला की आधी त्यांनाच सांगतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जातो. पडण्या-धडपडण्याची नोंदवही उघडून दाखवणारं केंद्र आम्हाला "आमच्याकडे कोणी पडतच नाही" म्हणणाऱ्या केंद्रापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. ऐंशीच्या पुढची वीस माणसं राहतात तिथे कोणी ना कोणी पडणारच.

आम्ही डॉक्टर नाही, छापा घालत नाही, आमचा अहवाल सरकारी दाखला नाही. माणसांचे फोटो परवानगीशिवाय काढत नाही, वस्तूंचे काढतो. तातडीचं काही दिसलं तर अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी फोन करतो. मारहाण किंवा कोंडून ठेवण्याचा संशय असेल तर तुम्हीही थांबू नका: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, आणि जिवाला धोका वाटला तर ११२.

पहिल्या भेटीआधी आम्हाला केंद्राशी झालेल्या कराराची प्रत, डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, माहीत असलेलं शेवटचं वजन आणि अनामत रक्कम भरल्याची पावती पाठवा. आणि आईला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, तेही कळवा. केंद्रात सगळ्यांना 'आजी'च म्हणतात. पण आमच्या एक आजी चाळीस वर्षं शाळेत 'बाई' होत्या. 'बाई' म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आणि रात्रीच्या जेवणाबद्दल जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं.