बॅक अ‍ॅट द चिकन शॅक (अल्बम)

बॅक अ‍ॅट द चिकन शॅक हा अमेरिकन ऑर्गनवादक जिमी स्मिथचा सोल जॅझ (ब्लूज आणि चर्चमधल्या गाण्यांच्या वळणाचं जॅझ) अल्बम, ब्लू नोट कंपनीने 1963 साली काढलेला, पण रेकॉर्डिंग त्याच्या आधी तीन वर्षं म्हणजे 25 एप्रिल 1960 ला न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सला रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालं. निर्माता आल्फ्रेड लायन. वाजवणारे चौघंच: स्मिथ, टेनर सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरंटाइन, गिटारवर केनी बरेल आणि ड्रम्सवर डोनाल्ड बेली.

या यादीत बेसवाला, म्हणजे खर्जातले सूर धरणारा वादक, नाहीये, आणि अल्बमची खरी गंमत तिथेच आहे. बेस स्मिथ स्वतःच वाजवतो, डावा हात खालच्या कीबोर्डवर चालत राहतो, पाय पेडलवर हलके ठोके देत त्या सुरांना वजन देतात आणि उजवा हात वरच्या कीबोर्डवर मोकळा. आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनला पायाने भाता मारावा लागतो, इथे तेच पाय सूर वाजवतात. वाद्य आहे हॅमंड बी-3, विजेवर चालणारं, आत दात असलेली धातूची चाकं फिरतात आणि त्यातून सूर तयार होतो, समोरचे ड्रॉबार म्हणजे सरकत्या पट्ट्या कमीजास्त ओढून आवाजाचा पोत बदलता येतो. पर्कशनचा स्विच चालू असला की सुराच्या सुरवातीला बारीक टक् असा आवाज येतो, स्मिथच्या सोलोला जी धार आहे ती बरीचशी त्यामुळेच.

शीर्षक ट्रॅक म्हणजे साधा बारा बारचा (बारा मात्राखंडांचं आवर्तन पुन्हा पुन्हा येणारा) ब्लूज, आठेक मिनिटांचा. कोणालाच कसली घाई नाही. टरंटाइनचा टोन जाड, भरदार, तो थोडक्या सुरांत बोलतो आणि मध्ये जागा सोडतो, त्या जागेत खालून चालणारा बेस नीट ऐकू येतो, चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर डावा हात वेगळा काढून ऐकता येतो. बेली खाली ठेका धरून बसलेला, कुठेही लुडबुड करत नाही. ‘मायनर चँट’ ही टरंटाइनची स्वतःची रचना, ‘व्हेन आय ग्रो टू ओल्ड टू ड्रीम’ हे सिग्मंड रॉम्बर्गचं जुनं गाणं, आणि ‘मेसी बेसी’ बारा मिनिटांच्या वर जातं, तरी लांबलंय असं वाटत नाही. ऑर्गन जॅझ पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने इथूनच सुरवात करावी, वेग दाखवणारा स्मिथ दुसरीकडे भरपूर सापडतो, एवढा निवांत स्मिथ कमी सापडतो.

कव्हरवर स्मिथसोबत कुत्रा आणि कोंबडा आहेत, फोटो ब्लू नोटच्याच फ्रान्सिस वुल्फचा.

त्याच दिवशीच्या रेकॉर्डिंगमधून ‘मिडनाईट स्पेशल’ हा दुसरा अल्बमही निघाला, तो 1961 मध्ये म्हणजे याच्या आधीच बाजारात आला होता.