कॅन्सरची फाइल, ७२ तास आणि तीन वर्षं: रेकॉर्डचा हा नियम आला कुठून?

कॅन्सरच्या पेशंटची माहिती एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात जाते ती नातेवाइकाच्या पिशवीतून, आपल्याकडे कित्येक वर्षं हेच चालत आलंय. त्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड, केस पेपर, सीटीच्या फिल्म, पेट स्कॅनची सीडी आणि एका छोट्या पाकिटात बायोप्सीचा ब्लॉक. ब्लॉक म्हणजे तपासायला काढलेला गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची बारीकशी वडी, जाळीदार प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेली, कडेला पेन्सिलीनं नंबर लिहिलेला. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीनं परळला येणारी माणसं तो ब्लॉक पैशांसारखा जपतात, कारण तो हरवला तर परत बायोप्सी, म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा आठ-दहा दिवस.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ चं, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं, हे बहुतेकांना माहीत असतं. तेव्हा माहिती देण्याघेण्याचा प्रश्न फारसा नव्हताच, कारण जायचं बहुतेक एकाच ठिकाणी. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतली माहिती एकत्र आणायची सुरुवात झाली ती मुंबईच्या कॅन्सर रजिस्ट्रीपासून, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटांच्या नोंदवहीपासून, साल १९६३, देशातली अशी पहिलीच. पुढे १९८१ च्या शेवटी अशा रजिस्ट्रींचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला पहिली ग्रामीण रजिस्ट्री आली. रजिस्ट्रीची माणसं स्वतः हॉस्पिटलं, लॅब, मृत्यूच्या नोंदी असं फिरून माहिती गोळा करतात, आणि एकच बाई तीन ठिकाणी तीन वेगळ्या स्पेलिंगनं नोंदलेली असली तर नाव, वय, पत्ता जुळवून ती एकच धरतात. केवढं चिकाटीचं काम! पण ही माहिती आकडेवारीसाठी. कुणाला किती कॅन्सर, कुठल्या भागात, कुठल्या वयात, हे त्यातून कळतं, पण समोर बसलेल्या पेशंटला आधी कुठली केमो दिली हे डॉक्टरला रजिस्ट्री सांगत नाही, ते तिचं कामही नाही.

पेशंटच्या हातात कागद पडावेत म्हणून कोर्टात जावं लागलं. १९९६ साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पेशंटनं किंवा नातेवाइकांनी केस पेपरच्या प्रती मागितल्या तर डॉक्टर आणि हॉस्पिटल गोपनीयतेचं कारण पुढे करू शकत नाहीत. त्यानंतर २००२ मध्ये देशभरातल्या डॉक्टरांसाठी आचारसंहिता आली, त्यात दोन गोष्टी लिहिल्या: रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं, आणि 'इनडोअर', म्हणजे अ‍ॅडमिट झालेल्या, पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं.

७२ तासांचं सगळे बोलतात. माझ्या मते कॅन्सरवाल्यांचं खरं नुकसान दुसऱ्या वाक्यात आहे आणि त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही.

एक तर 'इनडोअर'. रेडिएशन घेणारा पेशंट पाच-सहा आठवडे रोज येतो आणि घरी जातो, तो इनडोअर नाही. केमो कुठे डे-केअरमध्ये अ‍ॅडमिशन दाखवून देतात, कुठे ओपीडीतच नोंद होते, म्हणजे तेच औषध, तोच डोस, पण नियम एका पेशंटला लागू आणि दुसऱ्याला लागू की नाही यावर वाद. दुसरं म्हणजे 'सुरू झाल्यापासून'. समजा एका बाईंचे ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार जानेवारी २०१५ ला सुरू झाले. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यात वर्ष जवळजवळ गेलं, मग हार्मोनची गोळी पाच वर्षं. नियमाची मुदत जानेवारी २०१८ ला संपली, तेव्हा गोळी अजून अर्धीसुद्धा झालेली नाही. आणि हा आजार पाच वर्षांनंतरही उलटतो.

उलटला की जुनी फाइल का लागते, तर डॉक्सोरुबिसिन घ्या, केमोतलं ते लाल रंगाचं औषध. त्याचा हृदयावर परिणाम साठत जातो म्हणून आयुष्यभराचा मिळून डोस ठरलेला असतो, शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. आधी किती गेलंय हे माहीत नसेल तर नवा डॉक्टर एक तर चांगलं औषध टाळतो किंवा अंदाजानं देतो. रेडिएशनचंही तसंच, मानेला आधी किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) दिले, मणक्यातल्या मज्जारज्जूला त्यातले किती लागले, हे कळल्याशिवाय त्याच जागी पुन्हा द्यायची हिंमत कोण करणार? माझ्या मावशीच्या वेळी जुन्या ठिकाणी, नाव नाही लिहीत, उत्तर मिळालं की तीन वर्षं झाली, रेकॉर्ड नष्ट केलं. आमच्याकडे डिस्चार्ज कार्डाची एक पुसट झेरॉक्स होती, त्यावर 'सहा सायकल दिल्या' एवढंच. डोस नाही.

हॉस्पिटलांचीही अडचण आहे, फिल्मचे गठ्ठे आणि कागद ठेवायला जागा लागते, माणूस लागतो, आणि कित्येक जण तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवतातही. पण ती त्यांची मर्जी झाली.

२ ऑगस्ट २०२३ ला नवी आचारसंहिता निघाली. तिच्यात ओपीडी आणि इनडोअर दोन्ही आलं, तीन वर्षं मोजायची ती शेवटच्या भेटीपासून, आणि रेकॉर्ड पूर्ण डिजिटल करायलाही तीन वर्षांची मुदत. फॉलोअपला येत राहणाऱ्या कॅन्सर पेशंटसाठी हा फरक फार मोठा होता. त्याच वेळी ७२ तासांचे पाच कामाचे दिवस केले होते, ते मला पटलेलं नाही, ब्लॉक आणि फाइल घेऊन पुढची अपॉइंटमेंट गाठायची असते तिथे पाच दिवस म्हणजे फार. पण भांडण यातल्या कशावरूनच झालं नाही. जेनेरिक औषधंच लिहायची आणि औषध कंपन्यांच्या पैशानं होणाऱ्या कॉन्फरन्सला जायचं नाही, या कलमांवर डॉक्टरांच्या संघटना उठल्या आणि २३ ऑगस्टला, तीन आठवड्यांत, अख्खी आचारसंहिता स्थगित झाली, रेकॉर्डचं कलमही तिच्याबरोबर गेलं. पुन्हा २००२ चीच लागू.

दरम्यान दुसऱ्या बाजूनं बरंच काही झालंय. २०१२ मध्ये देशातल्या कॅन्सर सेंटरांचं जाळं उभं राहिलं, आता त्यात तीनशेहून जास्त सेंटरं आहेत, उपचारांच्या एकसारख्या गाइडलाइन्स आणि ऑनलाइन ट्यूमर बोर्ड चालतात, म्हणजे जिल्ह्यातल्या डॉक्टरला अवघड केस मोठ्या टीमपुढे मांडता येते. सप्टेंबर २०२१ पासून देशभर डिजिटल हेल्थ मिशन आलं, पेशंटची ओळख म्हणून १४ आकडी आभा नंबर आला. त्यात रेकॉर्ड एका सरकारी कॉम्प्युटरवर जमा होत नाही, जिथे उपचार झाले तिथेच राहतं, आणि पेशंटनं मोबाइलवर संमती दिली की दुसऱ्या हॉस्पिटलला ते मागवता येतं. प्रायव्हसीच्या दृष्टीनं ही रचना चांगली आहे. पण २०१५ ची कागदी फाइल कुणी स्कॅन करून जोडलीच नसेल, किंवा तीन वर्षांनी ती नष्ट झाली असेल, तर संमती देऊनही मागवायला तिथे काही उरलेलं नसतं.